मंडपातला श्रोता आणि मोबाइलमधला श्रोता



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता यूट्यूब आणि स्पॉटिफायवर बोलणार का?" प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर एवढंच की, एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जाऊ लागला की गोंधळ होतो आणि असा गोंधळ निस्तरणं हे तत्त्वज्ञानाचं जुनंच काम आहे. 'श्रोता' हा आज तसा शब्द झाला आहे. पौषाच्या थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर नाटकाच्या मंडपात बसणारा माणूसही श्रोता, आणि मोबाइलवर बोट सरकवता सरकवता अर्धा मिनिट गाणं ऐकून पुढे जाणाराही श्रोता. आकड्यात दोघंही सारखेच दिसतात. या गोंधळापायी आपल्या भागातल्या गाणाऱ्या मुलामुलींचा वेळ जातो, पैसा जातो आणि कधी कधी गाणंच हातातून जातं.

आमचा गाण्याशी संबंध ऐकण्यापुरताच. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडची काही मुलं अधूनमधून येऊन बसतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, गाणं टाकलं, पण कोणी ऐकतच नाही. काय करावं?" त्यांच्यासोबत बसून, त्यांचे मोबाइल पाहून, थोडं वाचून आम्ही जे शिकलो ते आज तुमच्यापुढे मांडतो आहोत.

श्रोता कसा जमतो, हे झाडीपट्टीला ठाऊक आहे

सुरुवात घरापासून करू. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्याला आपण झाडीपट्टी म्हणतो. दिवाळी झाली, धान कापून घरी आलं की गावोगावी मंडई भरते, दंडार आणि खडीगंमत होते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, तिकिटं विकतं, मंडप घालतं. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत रंगतं. नट स्वतः गातात, ऑर्गन आणि तबला समोर वाजत असतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीलाही या रंगभूमीची दखल घ्यावी लागली.

आता जरा विचार करा, एवढी माणसं तिथे जमतात कशी?

पहिली गोष्ट, नाटकाची वर्दी आधी जाते. गाडीवर भोंगा लावून पंचक्रोशी पालथी घातली जाते, चौकाचौकात पोस्टर लागतं. दुसरी गोष्ट, येण्याला निमित्त असतं. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. लेकी-जावयांना, सोयऱ्यांना निरोप जातात, घर पाहुण्यांनी भरतं, अशा मुक्कामात सोयरिकीसुद्धा जुळतात. तिसरी गोष्ट, नाव. अमुक कंपनी, अमुक नट, अमुक गाणारी, हे ऐकून माणूस तिकीट काढतो. आणि चौथी गोष्ट, पुढच्या वर्षीची. यंदाचं नाटक रंगलं, तर तेच गाव पुढच्या वर्षी त्याच कंपनीकडे जातं.

याच भागातलं दुसरं उदाहरण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं. चिमूर-ताडोब्याच्या रानाशी त्यांचा जवळचा संबंध. हातात खंजिरी, आणि भजन असं की ऐकणारा दुसऱ्या दिवशी स्वतः म्हणू लागे. गावोगावी गुरुदेव सेवा मंडळं उभी राहिली, 1943 साली 'श्रीगुरुदेव' मासिक सुरू झालं. महाराज पुढच्या गावाला निघून गेले तरी भजन मागे राहत असे, कारण ते रोज संध्याकाळी म्हणणारी दहा-वीस माणसं त्या गावात तयार झालेली असत. ऐकणारेच गाणं पुढे नेत होते.

मोबाइलवरही याहून फार वेगळं घडत नाही. यंत्र श्रोता जन्माला घालत नाही. तुमच्याकडे असलेल्या श्रोत्याची ते नोंद ठेवतं आणि त्याच्यासारखा दुसरा कुठे आहे ते शोधतं. मुळात नोंद ठेवण्याजोगा श्रोताच नसेल, तर ते बिचारं शोधणार तरी काय?

यंत्र काय मोजतं

यंत्राचे नियम काही गुपित नाहीत. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी 2019 मध्ये आलं, यूट्यूब म्युझिक त्याच वर्षी मार्चमध्ये. स्पॉटिफायवर गाणं निदान 30 सेकंद ऐकलं गेलं तरच ते 'ऐकलं' असं धरतात. 2024 पासून तिथे आणखी एक नियम आहे. मागच्या 12 महिन्यांत एखादं गाणं 1,000 वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल, तर 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहिलं जाणं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज, अशी अट आहे.

हे आकडे ऐकून मुलं घाबरतात. घाबरू नका, नीट भागाकार करा. वर्षात 1,000 वेळा म्हणजे 200 माणसांनी वर्षभरात पाच-पाच वेळा. रंगलेल्या नाटकाला एका रात्रीच्या मंडपात याच्या कितीतरी पट माणसं बसलेली असतात. त्यातल्या 200 जणांना तुमचं गाणं पुन्हा ऐकावंसं वाटलं, तर पहिला उंबरठा ओलांडला. आणि 200 जणांनाही पुन्हा ऐकावंसं वाटलं नाही, तर दोष यंत्राचा नाही, हेही मान्य करायला हवं.

या 'पुन्हा' शब्दापाशी थोडं थांबू. गाणं पूर्ण ऐकलं का, परत लावलं का, जपून ठेवलं का, आपल्या यादीत घातलं का, त्या कलाकाराला फॉलो केलं का, यावरून यंत्र आपला अंदाज बांधतं. आणि कुणी 10 सेकंदांत पुढे सरकलं, तर तीही नोंद होते. म्हणून एक चूक टाळा, ती जवळजवळ सगळेच करतात. गाणं आलं की दिसेल त्या व्हॉट्सअ‍ॅप गटात लिंक टाकायची. गावचा गट, नोकरीचा गट, मामाच्या लग्नाचा गट. लोक भिडेखातर उघडतात आणि लगेच बंद करतात. तुम्हाला वाटतं प्रचार झाला. यंत्र मात्र शिकतं की हे गाणं लोकांना आवडत नाही. शंभर भिडस्तांपेक्षा दहा आवडीनं ऐकणारे इथे जास्त कामाचे.

याहून वाईट म्हणजे प्ले विकत घेणं. "हजार रुपयांत दहा हजार प्ले" अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. हे रिकाम्या मंडपात टाळ्यांची टेप लावण्यासारखं आहे. खोटं ऐकणं पकडण्याची व्यवस्था या कंपन्यांकडे असते. पकडलं गेलं की आकडे वजा होतात, डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतला जातो, कधी गाणंच उतरवलं जातं. आणि समजा पकडलं गेलं नाही, तरी त्या दहा हजारांतला एकही माणूस तुमच्या कार्यक्रमाला येणार नाही, कारण तो माणूसच नाही.

नाव सांगून जा

1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या तबकड्या मुद्रित झाल्या. गाणं संपताना त्या इंग्रजीतून म्हणत, "माय नेम इज गौहर जान." त्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात छापल्या जायच्या. तिथल्या कारागिराला आवाज कुणाचा ते कळावं आणि नाव बरोबर छापलं जावं, म्हणून ही सोय. आमच्या संतांनी हेच काम कितीतरी आधी करून ठेवलं होतं. अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा घातली की अभंग कुठेही गेला तरी कवी सोबत राहतो.

आज ती नाममुद्रा गाणं अपलोड करताना भरायच्या रकान्यांत आहे: कलाकार, गीतकार, संगीतकार, वादक, भाषा, वर्ष. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा 12 अक्षरांचा एक क्रमांक मिळतो. तो त्या मुद्रणाचा सातबाराच समजा. तो जपून लिहून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदलला तरी त्याच क्रमांकानं गाणं चढवलं, तर जुनी मोजणी टिकण्याची शक्यता असते.

नावाचं स्पेलिंग एकदा ठरवा आणि मग बदलू नका. 'झाडीपट्टी' हाच शब्द घ्या. रोमन लिपीत कुणी तो झेडनं सुरू करतं, कुणी जे-एचनं. तुमच्या पहिल्या गाण्यावर एक स्पेलिंग आणि दुसऱ्यावर दुसरं असेल, तर यंत्राच्या लेखी तुम्ही दोन माणसं झालात, आणि तुमचे श्रोतेही दोन ठिकाणी वाटले गेले. नावं सारखी असली की उलटंही होतं. तुमचं गाणं कुण्या भलत्याच माणसाच्या पानावर जाऊन बसतं. म्हणून स्पॉटिफायवरचं आपलं कलाकार-पान आपल्या ताब्यात घ्या, यूट्यूबवर अधिकृत कलाकार चॅनेल करून घ्या. दोन्ही विनामूल्य आहे.

भाषेचं काय? झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो. आपण 'पानी' म्हणतो, पुस्तक 'पाणी' म्हणतं. गाण्याचं नाव बोलीतच ठेवा, त्यात लाज कसली? पण यूट्यूबच्या वर्णनात बोलीतलं नाव, प्रमाण मराठीतलं नाव आणि रोमन लिपीतलं नाव अशी तिन्ही लिहा, म्हणजे कुणी कसंही शोधलं तरी सापडेल.

गोंडीत गाणाऱ्यांना तर आम्ही सांगू, तुमचं अंगण तुम्हाला वाटतं त्याहून मोठं आहे. 2011च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाख 84 हजारांच्या वर होते. ते महाराष्ट्रात आहेत, मध्य प्रदेशात आहेत, छत्तीसगडमध्ये आहेत, तेलंगणात आहेत. भामरागडच्या रेला गाण्याला बस्तरमध्ये आणि आदिलाबादकडे कान मिळू शकतात. गावाकडच्या बोलीत फरक आहे, ठाऊक आहे. पण ठेका ओळखीचा असतो. बस्तरच्या एखाद्या गायकासोबत एक गाणं करून पाहा. दोघांचे श्रोते एकमेकांना भेटतील आणि यंत्रालाही ते नातं दिसेल. अपलोड करताना भाषांच्या यादीत गोंडी सापडली नाही, तर शीर्षकात 'गोंडी गीत' असं लिहा. यादीत नाव नाही म्हणून भाषा नाही, असं होत नसतं.

बांबू आपला, पास कुणाचा?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव तुम्हाला माहीत आहे. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली 2009 साली या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल गावाचं झालं, बांबूही गावाचा. पण बांबू कापून बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा पास लागतो, आणि पासाचं पुस्तक वनखात्याकडे! विकत घेणारा तयार, बांबू तयार, पण गाडी नाक्यावर अडणार. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, तेव्हा कुठे मालकीला अर्थ आला. मालकी आणि वहनाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी हाती नसेल तर पहिली कागदावर राहते, हा धडा त्या गावानं देशाला दिला.

गाण्याचंही तसंच आहे. तुमचं गाणं हा बांबू. स्ट्रीमिंगच्या दुकानात ते थेट ठेवता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रिब्युटरचं लॉगिन आणि यूट्यूब चॅनेलचं लॉगिन हे पासाचं पुस्तक. ते कुणाच्या ईमेलवर आहे?

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी एका मुलाची गोष्ट सांगतो. आवाज चांगला, दंडारीत गाणारा. ओळखीच्या एकानं स्वतःच्या खर्चानं गाणं मुद्रित करून दिलं आणि आपल्या चॅनेलवर टाकलं. मुलगा खूश. गाणं चाललं, लग्नाच्या वरातीत वाजू लागलं. पण खाली नाव चॅनेलचं. गायकाचं नाव नाही, गीत लिहिणाऱ्या त्याच्या मामाचंही नाही. पुढे त्यानं तेच गाणं स्वतःच्या पानावर चढवलं, तेव्हा यंत्रानं त्यालाच चोर ठरवलं, कारण गाण्याची पहिली नोंद दुसऱ्याच्या नावावर होती. तो आमच्यासमोर बसून म्हणाला, "सर, आवाज माझा आहे, हे कोणाला सांगू?" आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हतं. आज आपण इथे बोलतो आहोत त्याला तो प्रश्नही एक कारण आहे.

कायदा काय म्हणतो, तेवढं समजून घेऊ. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार एका गाण्यात एकापेक्षा जास्त मालकी असतात. शब्दांची मालकी गीतकाराची, चालीची संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रणाची निर्मात्याची. निर्माता म्हणजे ज्यानं ते मुद्रण करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. गाणाऱ्यालाही कलावंत म्हणून वेगळा हक्क आहे. म्हणजे कुणी प्रेमानं खर्च करून मुद्रण करून दिलं, तर मुद्रण त्याचं ठरू शकतं. त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही, पण आधी कागद केलेला बरा. एका पानावर साध्या मराठीत लिहा: मुद्रण कुणाचं, खर्च कुणाचा, उत्पन्नाची वाटणी कशी, किती वर्षांसाठी, नावं कशी जाणार. खाली दोघांच्या सह्या. 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानं काढून घेता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. अशी सोसायटी म्हणजे 1969 साली स्थापन झालेली आयपीआरएस. स्वतः लिहिणाऱ्या आणि चाल बांधणाऱ्यांनी तिथलं सदस्यत्व जरूर पाहावं.

आणि पारंपरिक गाणं असेल तर? रेला, दंडारीतली जुनी पदं, महाकालीच्या यात्रेतली गाणी, ही कुणा एकाची नाहीत. तिथे गीतकाराच्या रकान्यात स्वतःचं नाव घालू नका, 'पारंपरिक' लिहा. जिच्याकडून गाणं शिकलात त्या आजीचं आणि गावाचं नाव वर्णनात द्या, मात्र आधी तिला विचारून. दुसऱ्यानं आपलं नाव गाळलं की आपल्याला जितकं लागतं, तितकंच तिलाही लागतं.

हंगाम ओळखा

आता कामाची गोष्ट, क्रमानं.

शेतकरी पाऊस पाहून पेरतो. आपल्याकडे गाण्यांचे हंगाम स्पष्ट आहेत. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्या दिवशी दीक्षाभूमीवर लोक जमतात आणि भीमगीतं वाजतात. 14 एप्रिल आहेच. ऑक्टोबरमध्ये तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, 30 एप्रिलला त्यांची जयंती. चैत्रात महाकालीची यात्रा, तिला मराठवाड्यातून आणि तेलंगणातूनही भाविक येतात. 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन, 15 नोव्हेंबरला बिरसा मुंडा जयंती. आणि दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम. ज्या दिवसाचं गाणं असेल, त्याच्या तीन-चार आठवडे आधी ते डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवं. आदल्या रात्री टाकलेलं गाणं पोचेपर्यंत यात्रा उठून गेलेली असते. स्पॉटिफायच्या कलाकार-पानावरून संपादकांकडे गाणं विचारासाठी पाठवता येतं. प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी पाठवलं, तर ते तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या नव्या गाण्यांच्या यादीतही जातं.

दहा गाणी एकदम टाकू नका. दीड-दोन महिन्यांनी एक टाका, पण नेमानं. दर गाण्यागणिक थोडे श्रोते वाढतात आणि नव्या गाण्यावरून जुन्याकडे वळतात.

मंडपाचा उपयोग करा. रंगमंचावरून गाणं झालं की एक वाक्य बोला: "हे गाणं या नावानं मोबाइलवर आहे." तिकिटावर, पोस्टरवर क्यूआर कोड छापा. कार्यक्रमानंतर जी माणसं येऊन पाठीवर थाप देतात, त्यांचे नंबर त्यांना विचारून वहीत लिहा. ही वही तुमची खरी संपत्ती. उद्या अ‍ॅप बंद पडेल, नियम बदलतील, वही राहील. त्या शंभर माणसांना गाणं आलं की स्वतः निरोप पाठवा आणि मागणं एकच करा: आवडलं तर सेव्ह करा, नाही आवडलं तर का ते सांगा.

आपल्या भागाची अडचणही धरून चाला. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, नेटवर्कचीही तीच गत. तिथल्या माणसाला "ऑनलाइन ऐक" म्हणून काय उपयोग? त्याला सांगा, तालुक्याला आलास की डाउनलोड करून ने. काही काळापूर्वी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. तीच सवय नव्या रीतीनं वापरायची.

आणि महिन्यातून एकदा आकडे पाहा. रोज पाहू नका, झोप उडते. पाहायचं ते एकूण किती यापेक्षा, कुठून ऐकतात ते. गडचिरोलीची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, चंद्रपूरची मुलं नोकरीला पुण्यात जातात. नकाशावर पुणं उजळलेलं दिसलं, तर समजा की तिथे कुणाला तरी घराची आठवण येते आहे. तिथल्या आपल्या भागाच्या मंडळाला फोन करा, कार्यक्रम ठरवा.

एक मोह मात्र टाळा. 30 सेकंदांचा नियम कळला की काही जण गाण्याचा आलापच कापतात, सुरुवातीलाच ढोल आणि आरोळी. आम्ही म्हणतो, शॉर्ट्ससाठी मुखड्याचा वेगळा तुकडा करा, पण मूळ गाण्याचा श्वास कापू नका. मोजणीसाठी गाणं असं व्हायला लागलं, की साधन मालक झालं आणि साध्य नोकर.

पैसा आणि पहाट

शेवटी पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. प्रत्येक प्लेला ठरलेला दर नसतो. वर्गणीचा आणि जाहिरातींचा पैसा एका हौदात जमतो आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा तेवढं पाणी त्याला मिळतं. त्याच हौदावर मुंबईच्या सिनेमाची गाणीही येतात. भारतात वर्गणी कमी, फुकट ऐकणारे पुष्कळ, त्यामुळे हौदच उथळ. केवळ स्ट्रीमिंगवर घर चालेल, असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. झाडीपट्टीच्या कलावंताला पावसाळ्यात काम नसतं, त्या महिन्यांत हे पैसे हातभार लावतील, एवढंच म्हणू.

केविन केली नावाच्या अमेरिकन लेखकानं 2008 साली एक विचार मांडला. कलावंताला लाखो चाहत्यांची गरज नाही, हजार सच्चे चाहते पुरेत, जे त्याचं प्रत्येक काम विकत घेतील. अमेरिकेतली क्रयशक्ती आपल्याकडे नाही, म्हणून तो हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. पण त्यातला गाभा खरा आहे. त्या हजारांतले काही नाटकाचं तिकीट काढतील, काही लग्नात गायला बोलावतील, कुणी मुलीला गाणं शिकवायला सांगेल. उत्पन्न तिथून येतं. स्ट्रीमिंग ही त्या घराकडे नेणारी पायवाट आहे.

जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यानं 1930च्या दशकात लिहिलं, की यंत्रानं कलाकृतीच्या प्रती निघू लागल्या की मूळ कलाकृतीचं 'इथे आणि आत्ता' असणं, तिच्याभोवतीचं वलय, हरपतं. आम्ही हे पुष्कळ वर्षं वर्गात शिकवलं. झाडीपट्टीत बसल्यावर वाटलं, याला दुसरी बाजूही आहे. प्रतीत जे उतरत नाही, त्याची किंमत वाढते. थंडी, गॅसबत्तीच्या जुन्या आठवणी काढणारे म्हातारे, शेजारी बसलेले सोयरे, आणि समोर प्रत्यक्ष गाणारा माणूस, हे कुठल्याही अ‍ॅपमध्ये चढत नाही. म्हणून मोबाइलमधलं गाणं हे मंडपाचं निमंत्रण समजा. त्याला मंडपाचा पर्याय समजू नका.

तो दंडारीत गाणारा मुलगा अलीकडे पुन्हा आला होता. जुनं गाणं अजून त्याच्या हाती आलेलं नाही. पण नवीन गाणं त्यानं स्वतःच्या ईमेलवरून, मामाचं नाव गीतकार म्हणून लिहून, एका पानाचा कागद करून टाकलं. आकडा विचारला तर म्हणाला, "तीनशे झाले, सर." मग थोडं थांबून म्हणाला, "पण त्यातल्या चाळीस जणांना मी ओळखतो."

पहाटे नाटक सुटतं, माणसं बांधाबांधानं घरी निघतात. कुणीतरी रात्रीच्या गाण्याची ओळ गुणगुणत असतो. तुमची पहिली मोजणी तिथे करा. पुढची मोजणी यंत्र करील.

आता तुमचे प्रश्न घेऊ.